एका क्रियापदाची तीन रूपे



या व्याख्यानमालेचे बोलावणे आले तेव्हा मी आधी नाही म्हणालो. इथे आजवर कवितेवर, कादंबरीवर, संतवाङ्मयावर बोलणारी मोठी माणसे येऊन गेली. मी पांडेसऱ्यात मराठी माध्यमाच्या मुलांना इंग्रजी शिकवणारा मास्तर. चिटणीस म्हणाले, "मग त्याच्यावरच बोला ना." म्हणून आज मी एका क्रियापदावर बोलणार आहे, आणि तेही मराठी नव्हे. क्रियापद आहे 'गो'. गो, वेंट, गॉन. तुम्ही हसलात, म्हणजे तुम्हालाही ती दुपार आठवली. मास्तर फळ्यावर तीन रकाने आखतात आणि पन्नास मुले एका सुरात यादी म्हणतात, पाढे म्हणावेत तशी.

पाढ्यात आणि या यादीत एक फरक आहे. बेचा पाढा विसरलात तर बोटांवर मोजून परत काढता येतो. 'गो'चे 'वेंट' मात्र कुठल्याच हिशोबाने निघत नाही. वॉक-वॉक्ड, टॉक-टॉक्ड, प्ले-प्लेड, मग गो? दर वर्षी वर्गात एकाने 'गोएड' म्हणायचे आणि बाकीच्यांनी 'गोड, गोड' करून हसायचे, हा आमचा ठरलेला कार्यक्रम. मीही त्यात सामील असे. फार नंतर कळले की तो मुलगा अगदीच हवेत बोलत नव्हता. स्कॉटलंडच्या बोलीत 'जाणे'चा भूतकाळ 'गेड' असा सरळ प्रत्यय लावून केलेला आहे आणि तो त्यांच्या कवितेतही आहे. म्हणजे आमच्या वर्गातला मुलगा चुकला तो फक्त गावात.

माझी स्वतःची गोष्ट आधी सांगून टाकतो. साल 1986. बारावी झालेली, घरात खाणारी सात तोंडे, आबा डाइंग मिलमध्ये. एका मोठ्या कचेरीत कारकुनाची जागा निघाली. मुलाखत घेणाऱ्या साहेबांनी इंग्रजीत विचारले, कॉलेजात का गेला नाहीस? मी ताठ बसून उत्तर दिले, "सर, आय डिड नॉट वेंट बिकॉज..." कारण मला सांगताच आले नाही. साहेबांनी शेजारच्या साहेबांकडे पाहिले, दोघे हसले, आणि चहा घेऊन आलेल्या माणसालाही त्यांनी ते वाक्य म्हणून दाखवले. तो हसला की नाही ते मी पाहिले नाही. घरी आलो तर आबा ओट्यावर बसलेले. काय झाले ते त्यांनी विचारले. मी म्हणालो, जागा भरली होती.

त्या एका 'वेंट'ने मला पुष्कळ वर्षे छळले. पुढे रात्रपाळी करत बी.ए. केले, बी.एड. केले, मास्तर झालो. आणि गंमत बघा, जी चूक मला लागली होती तीच चूक मी मुलांना वीस वर्षे फक्त खोडून दाखवली. ती का होते, याचा विचार केला नाही. तो विचार आज तुमच्यापुढे मांडतो.

मराठीत आपण म्हणतो, 'मी गेलो नाही.' यात काल कुठे आहे? 'गेलो'मध्ये. 'नाही' येते आणि मागे उभे राहते, 'गेलो'ला हात लावत नाही. 'मी गेलो नव्हतो' म्हणा, मग तर भूतकाळ दोन्हीकडे आहे, 'गेलो'तही आणि 'नव्हतो'तही. मराठी क्रियापद नकाराच्या वेळी आपला काल सोडत नाही. प्रश्नाच्या वेळीही सोडत नाही: 'तू गेलास का?' शेवटी एक 'का' लावला की झाले. इंग्रजीचा कारभार निराळा. तिथे नकार किंवा प्रश्न आला की 'डिड' नावाचा हमाल बोलावतात, भूतकाळाचे ओझे त्याच्या डोक्यावर देतात, आणि मुख्य क्रियापद हात हलवत मोकळे चालते: डिड नॉट गो. ओझे एकच, ते दोघांच्या डोक्यावर कसे असेल? 'डिड नॉट वेंट' म्हणणारा मुलगा अडाणी नसतो. तो मराठीचा नियम इमानाने पाळत असतो. गुजराती मुलगाही हेच म्हणतो, कारण 'हुं गयो नहीं' याची बांधणी तीच. तो हमाल एकदा समजावून दिला की ही चूक आठवड्यात कमी होते. हे मी वर्गात पाहिले आहे. यादी शंभर वेळा लिहून घेतल्याने ती कमी झाली नव्हती, तेही पाहिले आहे.

दुसरी चूक 'आय हॅव वेंट'. हीसुद्धा मराठीतूनच येते. आपण 'गेला', 'गेला आहे', 'गेला होता' म्हणतो, तिन्हीकडे 'गेला' तोच. एक रूप दोन्ही कामे करते. इंग्रजीतली नियमित क्रियापदेही तसेच करतात, 'वॉक्ड' दोन्ही रकान्यांत तेच आहे. मग मुलाला वाटते की 'वेंट' दुसऱ्या रकान्यात चालते तर तिसऱ्यातही चालायला हवे. त्याचे काय चुकले?

आता 'वेंट' आले कुठून ते सांगतो, कारण ते कळले की राग निवळतो. जुन्या इंग्रजीत 'जाणे'चा भूतकाळ 'एओडे' अशा काहीशा उच्चाराचा होता. त्याचाही 'गो'शी संबंध नव्हता. शेजारी दुसरे एक क्रियापद होते, 'वेंड', म्हणजे वळणे, वाट धरणे. सेंड-सेंट, बेंड-बेंट, लेंड-लेंट, तसे वेंड-वेंट. पंधराव्या शतकाच्या आसपास 'गो'ने आपला जुना भूतकाळ टाकला आणि 'वेंड'चा 'वेंट' दत्तक घेतला. 'वेंड'च्या घरी आता भूतकाळच उरला नाही, म्हणून त्याने 'वेंडेड' असा नवा करून घेतला. तिसऱ्या रकान्यातले 'गॉन' मात्र 'गो'चे स्वतःचे, पोटचे. म्हणजे तीन रकान्यांत दोन घरची माणसे आहेत.

तुम्ही म्हणाल, इंग्रजी ही असलीच भाषा. थांबा. 'जाणे' या मराठी क्रियापदाचा भूतकाळ सांगा. 'जाला' नव्हे. 'गेला'. 'जा'मधले काय आहे 'गेला'मध्ये? काही नाही. 'जा' आला संस्कृतातल्या 'या' धातूपासून, 'याति', प्राकृतात 'जाइ'. 'गेला' आला 'गम्'पासून, 'गत'ला पुढे 'ल' लागून. दोन धातू, दोन घरे, एक संसार. 'येणे' आणि 'आला' यांचे तेच. 'ये' हा 'एति'चा वंशज, 'आला' हा 'आगत'चा. 'होणे' हा 'भू'चा, 'झाला' हा 'जात'चा, म्हणजे जन्मलेला. ज्ञानेश्वरीत तो 'जाला' असा भेटतो. इंग्रजीच्या 'बी' क्रियापदाला लोक सर्वांत विचित्र म्हणतात: इज, वॉज, बीन. पण 'इज' हा आपल्या 'अस्ति'चा भाऊबंद, 'बी' हा 'भू'चा, आणि 'वॉज' हा 'वस्', राहणे, त्याचा. तिघेही आपल्या ओळखीचे निघाले.

मी हे पांडेसऱ्यात बसून शिकलो, आणि तिथेच शिकणे सोपे होते. तुमच्यापैकी काही जण तिकडे आले नसाल. सुरतच्या दक्षिण अंगाला, उधना सोडले की पुढे, भेस्तानच्या अलीकडे. औद्योगिक वसाहत, कापड रंगवण्याच्या आणि छापण्याच्या मिला, आजूबाजूला लूम्सची खाती. तापीच्या खोऱ्यातून भुसावळकडून येणारी रेल्वे उधन्याला मिळते, आणि त्या रेल्वेने जळगाव, धुळे, नंदुरबारची माणसे दोन-तीन पिढ्या उतरत आली. आमचे आबा त्यातलेच. ओडिशाची माणसे आली, उत्तर प्रदेश-बिहारची आली, तेलुगू आली. महापालिकेच्या शाळा गुजरातीबरोबर मराठी, हिंदी, उर्दू, ओडिया, तेलुगू माध्यमांत चालतात, ते याच माणसांच्या मुलांसाठी.

आमच्या चाळीत संध्याकाळी दिवे गेले की सगळी भाषांतून एकच वाक्य ऐकू येई. लाइट गेली. गुजराती शेजारी 'गई' म्हणणार, हिंदीत 'गयी', आणि आमच्या घरात अहिराणी. अहिराणीत तो गेला म्हणजे 'गया', तो आला म्हणजे 'ऊना'. बलियाकडचे काका भोजपुरीत 'गइल' म्हणत, आणि वरच्या मजल्यावरचा ओडिया पोरगा 'गला'. आमच्या 'गेला'चा तो सख्खा भाऊच. या सगळ्यांच्या भाषेत वर्तमानकाळ 'ज'ने सुरू होतो आणि भूतकाळ 'ग'ने. एकही भाषा 'जा'पासून भूतकाळ काढत नाही. उलट भोजपुरीत 'जाला' म्हणजे 'जातो'. तो शब्द कानावर पडला की मला उगीचच माउली आठवतात. चाळीत एकटे तेलुगू कुटुंब वेगळे. त्यांचे 'वेळ्ळाडु' मूळ धातूवरून सरळ होते, पण त्यांचे घराणेच निराळे. वर्गात मी आता 'गो-वेंट' शिकवण्याआधी हेच करतो. प्रत्येकाला विचारतो, तुझ्या घरी 'जातो' कसे म्हणतात? 'गेला' कसे? फळ्यावर लिहितो. सहा-सात ओळी झाल्या की मुलेच म्हणतात, सर, सगळेच लबाड आहेत. मग शेवटची ओळ इंग्रजीची लिहायची. तोवर ती परकी राहिलेली नसते.

इथे एका माणसाचे नाव घेतल्याशिवाय पुढे जाववत नाही. दादोबा पांडुरंग तर्खडकर. भाषांतर पाठमालेचे तर्खडकर ते वेगळे, हे तुम्हाला सांगायला नको. दादोबांनी 1836 मध्ये, वयाच्या बाविसाव्या-तेविसाव्या वर्षी, मराठीचे व्याकरण प्रसिद्ध केले. पुढे 1840च्या दशकात ते सुरतेला सरकारी इंग्रजी शाळेत शिक्षक होते. 1844 मध्ये दुर्गाराम मेहताजींबरोबर मानवधर्म सभा काढली ती इथेच, आणि सुधारणेच्या इतिहासात त्यांचे सुरतचे दिवस त्या सभेमुळेच लक्षात राहिले. मला मात्र तो वर्ग दिसतो. ज्याने मराठी क्रियापदांची रूपे आधी स्वतः लावून पाहिली, तो माणूस गुजराती मुलांना इंग्रजी शिकवतो आहे. 'गो-वेंट' शिकवताना त्याच्या मनात 'जातो-गेला' आल्याशिवाय राहिले असेल का? पुरावा नाही. मास्तरची कल्पना म्हणून सोडून द्या. पण एवढे खरे की मराठीचे व्याकरण लिहिणारा माणूस या शहरात इंग्रजीचा मास्तर होता, आणि हे मला कळले ते नोकरीची पंधरा वर्षे झाल्यावर. आधी कळते तर मी जरा ताठ मानेने शिकवले असते.

आता एक साहजिक प्रश्न. सगळ्या भाषांत हे 'जाणे', 'येणे', 'होणे', 'करणे', 'देणे' यांनाच का होते? 'कुरतडणे' हे क्रियापद कधी वाकडे जात नाही. 'खरवडणे' जात नाही. कुरतडला, खरवडला, सरळ. वाकडी असतात ती रोजची. कारणही तेच आहे: रोज तोंडात असणारे रूप पोर ऐकून ऐकून शिकते, त्याला नियमाची गरज पडत नाही. क्वचित लागणारे रूप आठवत नाही, मग माणूस नियम लावून नवे करतो. 2007 मध्ये हार्वर्डच्या संशोधकांनी 'नेचर' या नियतकालिकात याचा हिशोबच मांडला. जुन्या इंग्रजीतली 177 अनियमित क्रियापदे त्यांनी घेतली. मध्ययुगीन इंग्रजीत त्यांतली 145 अनियमित राहिली होती, आज 98 आहेत. बाकीची घासून सरळ झाली. आणि जे क्रियापद दुसऱ्यापेक्षा शंभर पट कमी वापरले जाते ते दहा पट वेगाने सरळ होते. 'वर्क'चा भूतकाळ पूर्वी 'रॉट' होता. आता 'वर्क्ड'. जुना शब्द फक्त आपल्या बंगल्यांच्या फाटकांत राहिला, 'रॉट आयर्न'मध्ये. कामगारांच्या वस्तीतल्या मास्तराला ही गोष्ट सांगताना जरा बरे वाटते.

मराठीत 'करणे'चेच बघा. त्याचा भूतकाळ 'केला', 'कृत'पासून आलेला. आज इंग्रजीतले कुठलेही क्रियापद मराठीत आले की ते 'करणे'चाच हात धरून येते: फोन केला, मेसेज केला, डाऊनलोड केला, डिलीट केला. त्यामुळे 'केला' झिजण्याची भीती नाही. पण आमच्याकडे एक वेगळीच गोष्ट घडते. गुजरातीत 'करवुं'चे 'कर्युं' होते, 'कर' जसाच्या तसा. गल्लीत गुजराती बोलणारी आमची लहान मुले घरी येऊन मराठीत 'मी होमवर्क करलं' म्हणतात. मला ते ऐकून आधी वाईट वाटे. मग वाटले, हा 'गोएड'च आहे, मराठीतला. त्याला हसायचे कारण नाही. दुरुस्त करायचे, पण हसायचे नाही.

पांडेसऱ्याच्या धंद्यातले एक क्रियापदही असेच वाकडे आहे, आणि ते मला 'गो'इतकेच आवडते. 'वीव्ह', विणणे. वीव्ह, वोव्ह, वोव्हन. डाय, ब्लीच, प्रिंट ही मिलमधली बाकीची कामे सगळी सरळ, एक विणणे तेवढे वाकडे. मुले म्हणायची, सर, हे कुठे ऐकलेच नाही. मी म्हणालो, तुझ्या हातात काय आहे? हातात बाजाराची पिशवी होती. 'नॉन-वोव्हन'. प्लास्टिकच्या पिशव्या बंद झाल्यापासून हा शब्द भाजीवालीच्या तोंडी आहे, आणि तो तिसऱ्या रकान्यातला आहे हे कुणाच्या गावी नाही. मग आम्ही शोधतच सुटलो. दुकानाच्या पावतीवर 'पेड'. प्लॉटच्या पाटीवर 'सोल्ड'. कापडावर 'मेड इन इंडिया'. फ्रीजमध्ये 'फ्रोझन' मटार. भरतीत 'रिटन' परीक्षा. बाजारात कटपीस, आणि कट-कट-कट हे तर तिन्ही रकान्यांत एकच. एका पोराने मशीनवरचा कागद आणला, 'ब्रोकन'. तिसरा रकाना वर्गात कुणाला पाठ होत नव्हता, तो अख्ख्या वसाहतीत लटकत होता.

'विणणे'ची आणखी एक गंमत सांगतो आणि पुढे जातो. मराठीत विणले सरळ आहे, पण संस्कृतात 'वयति' म्हणजे विणतो आणि विणलेले म्हणजे 'उत'. तिथेही रूप वाकडेच. त्याला 'आ' आणि 'प्र' लागले की 'ओत' आणि 'प्रोत'. उभा धागा आणि आडवा धागा. बृहदारण्यकात गार्गी याज्ञवल्क्याला विचारते ते याच शब्दांत, हे सगळे कशात ओतप्रोत आहे म्हणून. आपण 'ओतप्रोत भरलेले' म्हणताना ओतण्याचा संबंध लावतो. तो लूमचा शब्द आहे. लूम चालवणाऱ्या बापांच्या मुलांना हे सांगायला मला फार आवडते.

आता जे सांगायचे म्हणून आलो ते सांगतो.

माझ्या वर्गात नववीला एक मुलगी होती. नाव घेत नाही. शांत, अक्षर चांगले. सुट्टीचे अर्ज इंग्रजीत लिहायचे असा माझा नियम होता, सराव व्हावा म्हणून. ती चार दिवस आली नाही. पाचव्या दिवशी आली आणि अर्ज टेबलावर ठेवला. त्यात एक वाक्य होते, 'माय फादर इज गॉन.' पुढे, म्हणून मी येऊ शकले नाही, वगैरे. मी लाल पेन काढले. 'इज'वर काट मारली, वर 'हॅज' लिहिले. समासात लिहिले, तिसऱ्या रूपाआधी हॅज. तिला म्हणालो, "पुन्हा लिहून आण." आणि पुढच्याचा अर्ज घेतला. चाळीस अर्ज तपासायचे होते.

संध्याकाळी तिची मावशी शाळेत आली, फी माफ होईल का ते विचारायला. तेव्हा कळले की वडील गेले. मिलमध्ये नाही, घरीच, झोपेत.

मराठीत 'गेले' म्हटले की पुरते, तुम्हाला माहीत आहे. 'कुठे गेले' हे आपण आवाजावरून ओळखतो. त्या मुलीने आपले मराठी वाक्य मनात ठेवले, 'वडील गेले आहेत', आणि त्यातला 'आहेत' घेऊन 'इज' लिहिले. मी त्यात चूक पाहिली. मग त्या रात्री मी व्याकरणाची पुस्तके काढून बसलो, दुसरे काही करता येत नव्हते म्हणून. आणि त्यात काय निघाले? 'इज गॉन' बरोबर आहे. जुन्या इंग्रजीत 'जाणे', 'येणे' या क्रियापदांना 'हॅव' लागतच नसे, आपल्यासारखे 'असणे' लागे. जर्मन आणि फ्रेंचमध्ये आजही लागते. इंग्रजीने पुढे सगळीकडे 'हॅव' आणले, पण 'इज गॉन' मागे राहिले, आणि त्याचा अर्थ राहिला तो हाच: आता नाही. 'हॅज गॉन' म्हणजे कुठेतरी गेला आहे, अमळनेरला, नंदुरबारला, येईल. जाऊन परत आला असेल तर तिथे 'गॉन'सुद्धा चालत नाही, 'हॅज बीन' म्हणावे लागते, आपल्या 'जाऊन आला'सारखे.

म्हणजे तिचे इंग्रजी बरोबर होते. तिला ते मराठीने शिकवले होते. मी ते खोडून असे वाक्य करून दिले की वडील बाहेरगावी गेले आहेत.

दुसऱ्या दिवशी मी तिला बोलावणार होतो. ती आधीच आली. सुवाच्य अक्षरात नवा अर्ज, चूक दुरुस्त केलेला. 'माय फादर हॅज गॉन.' खाली सही, वर्ग, तुकडी. मी तो हातात घेऊन बसलो. जुना अर्ज मागितला तर म्हणाली, "फाडून टाकला, सर." मी तिला सांगितले की तुझेच बरोबर होते. का ते समजावले, जर्मन-फ्रेंचही सांगितले, नको तेवढे सांगितले. तिने मान हलवली. तिला त्या क्षणी त्या माहितीचा काय उपयोग होता, मला माहीत नाही. नवा अर्ज फायलीला लागला, कारण फायलीत एक अर्ज असायला लागतो.

ती मुलगी पुढे शिकली, नर्स झाली, एवढे कानावर आहे. फी माफ झाली होती.

मी आता निवृत्त आहे. बमरोली रस्त्याला एका खोलीत रविवारी सकाळी शिकवतो. मुले येतात, आणि रात्रपाळी संपवून आलेले दोन-तीन लूम कारागीरही येतात, डोळे चोळत. फी नाही, चहा आळीपाळीने. 'गो'ची तीन रूपे तिथेही पाठ करून घ्यावी लागतात, त्याला इलाज नाही. पण कुणी 'माझा भाऊ गेला' याचे इंग्रजी विचारले की मी लगेच फळ्याकडे वळत नाही. आधी विचारतो, कुठे गेला? येणार आहे का? उत्तर आले की मग खडू उचलतो.